दहा एक्सचे दोन चंद्र

कोजागिरीला आमच्या गच्चीवर दूध आटायच्या आधीच सगळ्यांचे फोन वर होतात. गेल्या खेपेला पुतणीनं तिचा आणि तिच्या मैत्रिणीचा फोन माझ्यासमोर शेजारी शेजारी धरला. "काका, दोघींनी झूम दहा एक्सच, म्हणजे दहापटच केलं होतं. मग माझाच चंद्र असा पुसल्यासारखा का आलाय?"

प्रश्न अगदी नेमका होता. आकडा एकच, पण त्यामागे घडलं होतं ते वेगळं. फोनवर १, २, ५, १०, ३० असे आकडे एका ओळीत दिसतात, त्यामुळे ती एकाच जिन्याची पायरी-पायरी वाटते. प्रत्यक्षात जिना मध्येच कुठेतरी संपतो आणि पुढच्या पायऱ्या नुसत्या रंगवलेल्या असतात. संपतो तिथपर्यंत ऑप्टिकल झूम, त्यापुढे डिजिटल.

आधी चंद्र केवढा दिसतो ते बघू. १० रुपयांचं नाणं कुणाला तरी तीन मीटरवर धरायला सांगा आणि एक डोळा मिटून बघा. चंद्र बरोबर त्यामागे झाकला जातो. कोनात सांगायचं तर अर्धा अंश. फोनचा मुख्य कॅमेरा मात्र आडवं साधारण ७० अंशांचं दृश्य टिपतो. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत रुंदीला ४,००० ठिपके असतात, आणि त्यातले चंद्राच्या वाट्याला येतात जेमतेम २५. चंद्रावरचा ससा, टायको विवरातून फुटणारे किरण, सगळं त्या २५ ठिपक्यांत बसवायचं!

डिजिटल झूम हेच २५ ठिपके कापून घेतो आणि ताणतो. दहा एक्सला चंद्र २५० ठिपके जागा व्यापतो खरा, पण त्यातली माहिती २५ ठिपक्यांचीच असते. चित्रपटगृहात मागच्या रांगेतून उठून पहिल्या रांगेत बसलं, तर पडद्यावर नसलेलं काही दिसायला लागत नाही. असलेलंच मोठं आणि भुरकट दिसतं. तसंच हे.

ऑप्टिकल झूममध्ये भिंगच वेगळं असतं. ते चंद्राची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, मुळातच मोठी पाडतं, म्हणून पाच एक्सच्या भिंगातून त्याच चंद्राला सुमारे १२५ ठिपके मिळतात. यासाठी भिंग आणि सेन्सर यांच्यात लांबी लागते, आणि फोन तर बोटाएवढाही जाड नसतो. म्हणून काही फोनमध्ये लोलक बसवून प्रकाश काटकोनात वळवतात आणि तो फोनच्या अंगात आडवा धावतो. पेरिस्कोप म्हणतात ते हेच. मैत्रिणीच्या फोनमध्ये पाच एक्सचं असं भिंग होतं, त्यामुळे तिला फक्त दुप्पट ताणावं लागलं. पुतणीच्या फोनला मागे तीन भिंगं होती, पण एक मुख्य, एक रुंद दृश्याचं आणि एक अगदी जवळच्या वस्तूंचं. दूरचं मोठं करून दाखवणारं टेलिफोटो भिंग नव्हतंच. फोन घेताना भिंगं मोजून उपयोग नाही, 'टेलिफोटो' हा शब्द शोधायचा.

डिजिटल झूम सरसकट टाकाऊ आहे असंही नाही. सेन्सर ४८ मेगापिक्सेलचा असेल तर त्याच्या मधल्या भागातून घेतलेला दोन एक्सचा फोटो चांगला येतो, कारण तिथे ठिपके खरोखर शिल्लक असतात. शिवाय फोन एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, त्यातूनही थोडा तपशील हाती लागतो. दहाच्या पुढे मात्र त्यावर विसंबू नका.

आपला फोन कोणतं भिंग वापरतोय हे बोटानं कळतं. पाच एक्स दाबा आणि टेलिफोटो भिंगावर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर झूम खरा. चित्र तसंच राहिलं तर फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून देतोय. अंधार आहे असं वाटलं की काही फोन असं करतात.

अंधाराचा हा समजच चंद्राचे बहुतेक फोटो बिघडवतो. आपल्याकडे रात्र असते, पण चंद्राचा जो भाग आपल्याला उजळ दिसतो तिथे भर ऊन असतं. फोन काळं आकाश बघून प्रकाश वाढवतो आणि चंद्राचा पांढरा दिवा होतो. नाइट मोड बंद करा, चंद्रावर बोट दाबून धरा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा. प्रो मोड (सगळं हातानं ठरवायची सोय) असेल तर टेलिफोटोला आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती दाद देतो तो आकडा) १०० आणि शटर (प्रकाश आत घ्यायचा वेळ) १/५०० सेकंदापासून सुरुवात करा. तरीही पांढराफटक आला तर शटर आणखी वेगवान करा. फोन कठड्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावला की हात हलायचाही प्रश्न उरत नाही.

आता ऑप्टिकल आणि डिजिटल या दोन्हींत न बसणारी तिसरी गोष्ट. मार्च २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एकानं चंद्राचा फोटो मुद्दाम धूसर करून संगणकाच्या पडद्यावर लावला आणि खोलीत अंधार करून दुरून सॅमसंगच्या फोननं टिपला. फोटोत तपशील उमटले, जे पडद्यावर नव्हतेच. नंतर कंपनीनं सांगितलं की सीन ऑप्टिमायझर चालू असताना फोन चंद्र ओळखतो आणि शिकवलेल्या प्रणालीच्या मदतीनं तपशील उठावदार करतो. हे जमतं कारण चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, ती एकदा शिकली की झालं. मला हे पटत नाही. त्या रात्री आपल्या गच्चीवर उतरलेला प्रकाशच मला फोटोत हवा असतो. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते, मी ती बंदच ठेवतो.

पुतणीला नवा फोन घ्यायची गरज नव्हती. घरात १० बाय ५० ची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटरच्या भिंगांची जुनी दुर्बीण होती. तिच्या नेत्रभिंगाला फोनचं मुख्य भिंग नीट जुळवून टेकवलं की तो खराखुरा दहापट ऑप्टिकल झूम होतो. चंद्राला २५० ठिपके मिळतात आणि सगळे भरलेले असतात. जुळवायला वेळ लागतो, आधी नुसता काळोख दिसतो, मग अचानक कडेनं उजेड येतो.

पण कोजागिरीचा चंद्र त्यासाठी योग्य नाही. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, विवरांना सावली उरत नाही, आणि सगळं सपाट दिसतं. म्हणून आम्ही संकष्टीपर्यंत थांबलो. आईला उपास सोडायला चंद्रोदय हवाच होता, कॅलेंडरवर वेळ होती. चंद्र घरांच्या वर आला, आईनं ओवाळलं, मग पुतणीनं दुर्बीण कठड्यावर ठेवली. चौथ्या-पाचव्या प्रयत्नात फोटो आला. एक कड खाल्ल्यासारखी, आणि तिथेच, उजेड संपतो त्या रेषेवर, सावलीनं भरलेल्या विवरांच्या वाट्या.