डोमेन नावाची निवड (गोवा)

नव्या संकेतस्थळाचा पत्ता ठरवणे म्हणजे डोमेन नावाची निवड. संगणक एकमेकांना आकडी पत्त्यांनी ओळखतात, पण माणसाच्या लक्षात ते आकडे राहत नाहीत. म्हणून आकड्यांना नावे जोडण्याची व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. डॉट कॉममधले पहिले नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले. ठिपक्यांमधल्या प्रत्येक भागात जास्तीत जास्त ६३ चिन्हे चालतात. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि आडवी रेघ घेता येते, मात्र ही रेघ सुरुवातीला किंवा शेवटी चालत नाही. लहान-मोठ्या लिपीचा भेद मानला जात नाही.

नाव आखूड असावे, सहज लक्षात राहावे, त्यात आकडे आणि रेघा नसाव्यात, हे संकेत सगळीकडे सारखेच आहेत. गोव्यात त्याआधी एक प्रश्न सुटावा लागतो : नाव ठरले, पण ते रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, लिहायचे कसे?

पोर्तुगीज राजवटीत इथल्या गावांची नावे पोर्तुगीज कानाला जशी ऐकू आली तशी कागदावर उतरली, आणि १९६१ नंतरही त्यांतली बहुतेक स्पेलिंगे पाट्यांवर तशीच राहिली. ‘श’साठी एक्स, ‘क’साठी सी किंवा क्यू, ‘ड’च्या जागी आर, शेवटच्या अनुनासिकासाठी एम अशी ती पद्धत आहे. त्यामुळे पेडणे लिहिले जाते ‘पेर्नेम’, साखळीचे ‘सांक्वेलिम’ होते, डिचोलीचे ‘बिचोलिम’ आणि काणकोणचे ‘कानाकोना’. एका गावाचे रोमी नाव ‘कारांबोलिम’, पण त्याच गावातल्या रेल्वे स्थानकाची पाटी ‘करमळी’ म्हणते. स्थानक ‘मडगाव’, शहराच्या पाट्यांवर ‘मार्गाव’. राजधानीची तर पणजी, पंजिम आणि जुनी पांजिम अशी तीन रूपे. गावाचे नाव घालून खानावळीचे किंवा शाळेचे डोमेन घेणाऱ्याला यांतले एक रूप निवडावेच लागते. उरलेली रूपे टंकणारा माणूस भलतीकडे पोचतो किंवा कुठेच पोचत नाही.

आडनावांचे तेच. देसाईंच्या घरात एस एक की दोन, कामत की ‘कामोतीं’, शेणै की ‘सिनाय’, प्रभू की ‘पोरोब’, हे ज्या त्या घरचे कागद ठरवतात. धंदा आडनावावर चालत असेल तर घरच्या कागदांवरचे रूप सोडून दुसरे घेणे मालकाला जड जाते आणि ते समजण्यासारखे आहे. पण गिऱ्हाईक कागद पाहून टंकत नाही, कानाने ऐकून टंकते. देवस्थानांपुढे अडचण दुहेरी असते. शांतादुर्गेची देवळे अनेक गावांत असल्याने गावाचे नाव जोडल्याशिवाय भागत नाही, आणि त्यांतल्या कवळे गावाचे रोमी रूप जुन्या कागदांत ‘केउला’पर्यंत जाते. त्यात सुरुवातीच्या ‘श्री’ची आणखी तीन-चार स्पेलिंगे. अशा ठिकाणी ‘श्री’ पत्त्यातून वगळून मुखपृष्ठावर ठेवलेला बरा. देवी त्यावरून रागावणार नाही.

पर्यायांतून निवड करायची सोपी रीत म्हणजे नाव फोनवर सांगून पाहणे. पलीकडच्याला ‘के नव्हे, सी’, ‘शेवटी एम आहे, पण म्हणायचा नाही’ असे समजावत बसावे लागले, तर ते नाव कच्चे. दोन शब्द जोडताना सांधाही तपासावा. ‘काजू’ला ‘उद्योग’ जोडला की रोमीत दोन यू शेजारी येतात आणि टंकणारा त्यांतला एक हमखास गाळतो. ‘घर’ हा शब्द आणखी फसवा, कारण मराठी माणूस त्यात ए घालतो, तर रोमी कोकणी लिहिणारा ओ. शेवटी ‘गोवा’ जोडण्याची इथे फार हौस आहे. पर्यटकासाठी ते उपयोगी असते, पण डिचोलीच्या गिऱ्हाइकासाठी चालणाऱ्या दुकानाला त्याने काही मिळत नाही. दोन स्पेलिंगे तुल्यबळ वाटली तर दोन्ही नोंदवून एक दुसऱ्याकडे वळवतात.

ठिपक्यानंतरच्या भागात डॉट कॉम आणि डॉट इन हे नेहमीचे पर्याय. भारताचा डॉट इन विभाग ‘निक्सी’ ही संस्था सांभाळते आणि २००५ पासून त्यात कोणालाही नोंदणी करता येते. सरकारी खात्यांसाठीचा ‘गव्ह डॉट इन’ मात्र खाजगी माणसाला मिळत नाही.

देवनागरीतला पत्ता हा लिप्यंतराचा घोळ मुळातून टाळतो. ‘डॉट भारत’ हा देवनागरी विभाग २७ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झाला. मराठी आणि कोकणी दोन्ही त्यात बसतात, त्यामुळे एकच नाव दोन्ही वाचकांना पुरते. रोमी कोकणी वाचणारा तेवढा बाहेर राहतो. आतल्या बाजूला यंत्रणा हे नाव रोमन चिन्हांच्या एका सांकेतिक साखळीत बदलून घेते. ती साखळी कधी पत्त्याच्या पट्टीत उघडी पडते आणि वाचणाऱ्याला वाटते, काहीतरी बिघडले. मराठीतले ‘पेडणे’ आणि कोकणीतले ‘पेडणें’ हे यंत्राच्या लेखी दोन वेगळे पत्ते आहेत. एका अनुस्वाराने मालक बदलू शकतो. शिवाय असे ईमेल पत्ते सगळ्याच सेवा स्वीकारत नाहीत. म्हणून आज तरी देवनागरी नाव जोडीला घ्यावे, एकट्याने नव्हे.

एका अक्षराचा फरक कायद्यापुढे पुरत नाही. ‘सिफी’ हे नाव वापरणाऱ्या सत्यम इन्फोवे कंपनीने, जादा एफ घालून ‘सिफ्फीनेट’ असे डोमेन घेणाऱ्या कंपनीविरुद्ध दाद मागितली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल सत्यमच्या बाजूने दिला आणि डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळते असे ठरवले. डॉट इनमधल्या तंट्यांसाठी स्वतंत्र लवाद पद्धतही आहे. गोव्यात याच्या जोडीला भौगोलिक उपदर्शनाचा, म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या खास मालाच्या नावाला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणाचा, विचार करावा लागतो. फेणीला ते २००९ मध्ये मिळाले. दुसऱ्याच कुठल्या दारूच्या विक्रीसाठी ‘गोवा फेणी’ असा पत्ता घेणे अंगाशी येऊ शकते.

नाव कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी एक ते दहा वर्षांची नोंदणी होते, आणि पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर पुढच्या वर्षी टिकतोच असे नाही, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी पाहतात. नोंदणी कोणाच्या खात्यावर आहे हे त्याहून महत्त्वाचे. संकेतस्थळ बनवून देणारा ओळखीचा मुलगा नाव स्वतःच्या ईमेलवर नोंदवतो, मग नोकरीसाठी आखातात जातो, आणि मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या पेटीत पडून राहतात. मुदतीनंतर काही दिवसांची सवलत असते, ती उलटली की नाव खुले होते आणि कोणीही उचलू शकतो. जत्रेच्या पत्रिकेवर छापलेला पत्ता मग भलत्याच जाहिरातींचे पान उघडतो.