वावराचं मुखत्यारपत्र: नोटरीपुढे ओळख कशी पटवायची

खातेदार पुण्याला पोराकडं राहतो, वावर मक्त्यानं दिलेलं. एक दिवस तहसीलसमोर त्याच वयाचा, डोक्याला दुपट्टा बांधलेला माणूस येतो. हातात आधारच्या झेरॉक्सची झेरॉक्स, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. खातेदार म्हणून अंगठा उठतो, शिक्का बसतो, मुखत्यारपत्र (आपल्या वतीनं व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) तयार. ही फसवणूक नोटरीच्या टेबलावरच अडवता येते.

मुखत्यारपत्र देणारा सातबाऱ्यावर नाव असलेला, १८ वर्षं पूर्ण झालेला खातेदारच हवा आणि तो स्वतः हजर हवा. घरून सही करून आणलेला कागद पुढं करू नका. सही नोटरीसमोरच करायची.

सोबत मूळ आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र, डिजिटल सहीचा ताजा सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), फोटो आणि ओळखपत्रासह दोन साक्षीदार ठेवा. साक्षीदार टपरीवरचे नकोत, धुऱ्याला धुरा लागलेला शेजारी आणा. तो माणूस ओळखतो, टपरीवाला फक्त कागद ओळखतो.

आधारवरचा क्यूआर कोड यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या संस्थेच्या) अ‍ॅपनं स्कॅन करायला सांगा. कार्डावर फोटो बदलून चिकटवला असला, तरी स्कॅनमध्ये मूळ नाव आणि चेहरा दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत हेच राहतं.

नोटरी नियम, १९५६ प्रमाणे नोटरीला नोंदवही ठेवावी लागते. तिच्यात सही-अंगठा करा आणि नोंदीचा अनुक्रमांक कागदावर आला का ते पाहा. पुढं वाद झाला तर हाच नंबर कामी येतो. शिक्क्यावर नोटरीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि कार्यक्षेत्र वाचा. नोटरीचं प्रमाणपत्र ५ वर्षांचं असतं, मुदत विचारायला लाजू नका.

विक्रीचा अधिकार द्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: सरळ रजिस्ट्री ऑफिसात जा. तिथं फोटो आणि अंगठ्याचा ठसा सरकारी रेकॉर्डला राहतो. खातेदार अंथरुणाला खिळलेला असेल, तर तिथल्याच दुय्यम निबंधकांकडं (नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याकडं) गृहभेटीचा अर्ज करता येतो.

आणि ‘नोटरी करून वावर घेतलं’ असं कुणी सांगितलं, तर मालकी बदललेली नसते. १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या जमिनीच्या विक्रीला नोंदणी कायदा, १९०८ नुसार नोंदणी लागते. मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानंही २०११ मध्ये सांगितलं.

तरीही तुमच्या गटावर फेरफाराची (सातबाऱ्यावरची नोंद बदलण्याची) नोटीस आली, तर १५ दिवसांत पटवाऱ्याकडं लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं जात नाही.