प्रॅक्टिकल झालं म्हणजे संशोधन झालं का?

दोऱ्याला गोळा बांधायचा, लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत १ मीटर ठेवायची, हलकासा झोका द्यायचा आणि २० आंदोलनं मोजायची. स्टॉपवॉच साधारण ४० सेकंद दाखवतं, त्यावरून गुरुत्वत्वरण ९.८ च्या जवळपास येतं. हे प्रॅक्टिकल. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं, पारख होते ती मुलांच्या हाताची नि नजरेची. गोळा सोडतानाच 'शून्य'ऐवजी 'एक' म्हटलं, की आंदोलनं भरतात १९ आणि उत्तर येतं जवळजवळ १०.९! दरवर्षी एखादा गट इथे हमखास अडकतो, आणि चूक स्वतःच शोधून काढतो तेव्हा मला फार आनंद होतो. म्हणून प्रॅक्टिकलला कमी लेखू नका.

आता आमच्या शाळेमागचा बहावा. आठवीतल्या दोघी दर शनिवारी त्याच्याखाली उभ्या राहून कोवळी पानं, कळ्या, फुलं, शेंगा बघतात आणि प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडं' किंवा 'भरपूर' असं लिहितात. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातली शाळकरी मुलं अशाच नोंदी पाठवतात. झाडांचं फुलण्या-फळण्याचं वेळापत्रक बदलत्या हवामानाबरोबर सरकतंय का, हा त्यामागचा प्रश्न. यंदा पहिली कळी कधी दिसणार हे त्या मुलींना ठाऊक नसतं, तसंच मलाही नसतं. हे संशोधन. एका झाडाच्या एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही. त्यासाठी पुष्कळ झाडं आणि पुष्कळ वर्षं लागतात. त्या दोघींची वही त्यातलाच एक तुकडा आहे.

(दुकानातून आणलेला थर्माकोलचा ज्वालामुखी या दोन्हींत बसत नाही.)

खरी गल्लत होते ती न जुळणाऱ्या रीडिंगपाशी. ९.८ यावं म्हणून जर्नलमध्ये आकडे 'बसवायची' सवय लागली, की तोच हात उद्या बहाव्याच्या वहीतही चुकलेला शनिवार अंदाजाने भरून टाकतो. मग ती वही कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

१६७२ मध्ये ज्याँ रिशे हे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेले. पॅरिसमध्ये बिनचूक चालणारं लंबकाचं घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. सेकंदाला एक झोका (म्हणजे अर्धं आंदोलन) घेणारा त्यांचा लंबक आपल्या प्रयोगशाळेतल्या लंबकाइतकाच, जवळजवळ १ मीटरचा. वेळ जुळवायला तो जेमतेम ३ मिलिमीटर आखूड करावा लागला. कुणीही म्हणालं असतं, घड्याळ बिघडलंय. रिशेंनी मोजणी पुन्हा पुन्हा केली आणि आकडा जसा आला तसाच लिहिला. पुढे १६८७ मध्ये न्यूटननी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर असल्याचं मांडलं, तेव्हा विषुववृत्ताजवळ गुरुत्व किंचित कमी भरतं हे दाखवायला हेच ३ मिलिमीटर त्यांच्या कामी आले.