काँक्रीटमधले ऑप्टिकल फायबर सेन्सर

पूल, धरण, बोगदा, पाइल अशा काँक्रीटच्या बांधकामात ताण किती येतोय, तडा कुठे जातोय, आतलं तापमान काय, हे काचेच्या तंतूतून सोडलेल्या प्रकाशावरून ओळखायची पद्धत. तंतू सळईला बांधून काँक्रीट ओतायच्या आधीच आत ठेवतात, जुन्या बांधकामात खाच मारून इपॉक्सीने चिकटवतात.

पहिला मान कुणाचा यावर एकमत नाही. बहुतेक जण मेंडेझ, मोर्स आणि मेंडेझ यांचा 1989 चा निबंध धरतात, त्यात प्रबलित काँक्रीटमध्ये तंतू पुरायची कल्पना आहे. पण जर्मनीत त्याच्या आधीच काचतंतूंचे प्रीस्ट्रेसिंग टेंडन (काँक्रीटला आधीच दाबून धरणाऱ्या ताणलेल्या केबल) वापरून पूल बांधले जात होते (ड्युसेलडॉर्फचा उलेनबर्गस्ट्रासे पूल, 1986) आणि त्याच परंपरेत टेंडनमध्येच सेन्सर-तंतू घालायचे प्रयोग झाले, त्यामुळे काही जण श्रेय तिकडे देतात. ब्रॅग ग्रेटिंगवाले (तंतूत लिहिलेली बारीक जाळी, ती एकच ठरावीक तरंगलांबी परत पाठवते आणि तंतू ताणला की ती तरंगलांबी सरकते) सेन्सर घातलेला पहिला पूल म्हणून मात्र सहसा कॅनडात कॅल्गरीचा बेडिंग्टन ट्रेल पूल (1993) सांगतात. कल्पना, टेंडन आणि ग्रेटिंग हे तीन वेगळे ‘पहिले’ आहेत असं धरलं तर वादात फारसं काही उरत नाही.

ग्रेटिंगची गोष्ट आणखी मागे जाते. 1978 मध्ये ओटावात केन हिल आणि सहकाऱ्यांना आर्गन लेझरचा प्रकाश तंतूत सोडताना आत आपोआप जाळी तयार होते हे दिसलं, पण ती जवळपास त्याच लेझरच्या तरंगलांबीला परावर्तन द्यायची, म्हणजे सेन्सरसाठी जवळजवळ निरुपयोगी. 1989 मध्ये मेल्ट्झ, मोरी आणि ग्लेन यांनी अतिनील प्रकाश बाजूने टाकून जाळी लिहिली, तेव्हा कुठे हवी ती तरंगलांबी निवडता यायला लागली.

खरी डोकेदुखी तापमानाची. 1550 नॅनोमीटरला एका मायक्रोस्ट्रेनमागे (लांबीत दहा लाखांत एक भाग वाढ) परावर्तित तरंगलांबी साधारण 1.2 पिकोमीटर सरकते आणि एका अंशाला साधारण 10, म्हणजे एक अंश तापमान वाढलं की सुमारे 8 मायक्रोस्ट्रेनचा खोटा ताण. 15 अंशांचा फरक पडला की आकडा 120 च्या आसपास जातो, आणि काँक्रीट ताणात तडकतं तेच मुळात 100 ते 150 ला. काँक्रीटचं स्वतःचं प्रसरण वेगळंच. म्हणून शेजारी नळीत सैल ठेवलेलं दुसरं ग्रेटिंग लागतं, ते ताण घेत नाही, फक्त तापमान सांगतं. लोझानमध्ये विकसित झालेल्या सोफो पद्धतीत हे मुळातच सोडवलंय: एक तंतू ताणून बसवलेला, दुसरा सैल, दोघांच्या लांबीतला फरक सुमारे 2 मायक्रॉनपर्यंत मोजतात. जिनिव्हाजवळच्या व्हेरस्वा पुलात असे शंभरावर सेन्सर आहेत.

ब्रिलुआँ आणि रॅले विकिरणावरच्या (तंतूत प्रकाश विखुरून मागे येतो त्याचे दोन प्रकार) पद्धतींत ग्रेटिंग लागत नाही, अख्खा तंतूच सेन्सर होतो. ब्रिलुआँ कित्येक किलोमीटर जातं पण बारकावा कमी, रॅले मिलिमीटरपर्यंत बघतं पण पल्ला छोटा.

तंतूवरचं आवरण कुठलं, यावर अजून मतभेद आहेत. घट्ट चिकटलं तर ताण नेमका कळतो पण तडा जाताच काच तुटायची भीती, मऊ असलं तर तंतू थोडा सरकून वाचतो आणि ताण पसरट दिसतो. तड्यांसाठी मऊच बरं वाटतं. शिवाय काँक्रीटचा पीएच 12 च्या वर, तो उघडी काच खातो.

भारतात कोलकात्याची सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट आणि चेन्नईचं स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर यांनी यावर काम केलंय. साइटवर तंतू बहुधा ओलं काँक्रीट हलवून बसवायच्या नीडल व्हायब्रेटरच्या धक्क्याने नाहीतर शटरिंग काढताना केबल बाहेर येते तिथेच तुटतो, म्हणून ते तोंड नळीत घेऊन शक्यतो दोन्ही टोकं बाहेर काढतात, म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्या बाजूने वाचता येतं.