घट्ट मिश्रण आधी धावतं, मग अडतं

दातातल्या पोकळीत भरलेला मऊ लगदा निळा प्रकाश पडताच काही सेकंदांत टणक होतो. त्यातलं कॅम्फरक्विनोन हे पिवळं द्रव्य ४७० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं आणि अमाइन या नायट्रोजनयुक्त संयुगाच्या मदतीने मुक्तमूलकं, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेले चटकन क्रिया करणारे रेणू, तयार करतं. मूलकाच्या टोकाला एकामागून एक मोनोमर, म्हणजे लगद्यातले सुटे छोटे रेणू, जोडले जातात, की झाली साखळी सुरू.

मिश्रण दाट असेल तर हे सगळं रेंगाळणार, असं कोणालाही वाटेल. सुरुवातीला घडतं मात्र उलटं. साखळी वाढायला एक चिमुकला मोनोमर पुरतो आणि तो चहूबाजूंनी हजरच असतो. साखळी संपायला दोन वाढती टोकं एकमेकांना भेटावी लागतात, आणि दाट द्रवात या लांबलचक शेपट्या ओढत भेटायचं म्हणजे कठीणच. खचाखच गर्दीत शेजारच्याशी बोलता येतं, पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या मित्रापर्यंत पोचता येत नाही, त्यातलाच प्रकार. संपणं रखडतं, वाढणं चालू राहतं, मूलकं साठत जातात आणि वेग उसळतो. याला ट्रॉम्सडॉर्फ परिणाम म्हणतात. भरीस भर म्हणजे साखळ्या वाढतात तसं मिश्रण आणखी दाट होतं.

हा जोर टिकत नाही. साखळ्या एकमेकींना जोडून झालेलं जाळं आवळलं की मोनोमरचेही पाय बांधले जातात आणि वेग कोसळतो. म्हणूनच दातातल्या रेझिनमधले, म्हणजे या लगद्यातले, सगळे दुहेरी बंध (मोनोमर साखळीत जोडला जाताना उघडतात ते) कधीच वापरले जात नाहीत. साधारण ५५ ते ७५ टक्क्यांवर गाडी थांबते.

राफेल बोवेन यांनी १९६२ साली पेटंट घेतलेलं बिस-जीएमए हे मोनोमर मधाहून कितीतरी दाट असतं. नुसतं तेच वापरलं तर क्रिया फार लवकर अडते, म्हणून त्यात टीईजीडीएमए हे पातळ मोनोमर मिसळतात. पातळ घटक वाढवत नेला तर साखळ्या सुरुवातीलाच सहज संपतात, शिवाय टणक होतानाचं आकुंचनही वाढतं. सर्वांत जास्त वेग मिळतो तो मधल्या दाटपणाला. भरण्याआधी लगदा कोमट केला तर रेणू सुटे होतात आणि जास्त बंध वापरले जातात.

पातळ मिश्रणाची आणखी एक अडचण म्हणजे हवेतला ऑक्सिजन. तो चटकन आत शिरून मूलकांना निकामी करतो, त्यामुळे वरचा थर चिकट राहतो. दाट मिश्रणात त्याचीही चाल मंदावते.