परदेशी झाडांचे सोबती

वनस्पती उद्यानात गेलात की फुलांआधी झाडाजवळची पाटी वाचा. शास्त्रीय नाव आणि कुळ यांच्यासोबत तिथे बहुधा झाडाचा मूळ प्रदेशही लिहिलेला असतो. साध्या बागेत आणि वनस्पती उद्यानात फरक आहे तो याच नोंदींचा. इटलीत पादुआ विद्यापीठासाठी १५४५ साली उभारलेलं उद्यान आजही मूळ जागी आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना औषधी वनस्पती ओळखता याव्यात, हा त्याचा हेतू होता.

मूळ प्रदेश कळला की मला पुढचा प्रश्न पडतो: झाड इथे आलं, पण त्याचं परागण करणाऱ्यांचं काय?

व्हॅनिलाची वेल मेक्सिकोकडची. तिच्या फुलात पराग आणि कुक्षी, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग, यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. तिकडच्या मधमाश्या हा अडसर पार करतात. दुसऱ्या खंडांत नेलेल्या वेली फुलत, पण शेंगा धरत नसत. १८४१ मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलानं बारीक काडीनं तो पडदा उचलून अंगठ्यानं पराग कुक्षीवर दाबले. फूल जेमतेम एक दिवस टिकतं, तरी आजही व्हॅनिलाचं बहुतेक परागण असंच हातानं होतं. एका मुलाच्या निरीक्षणावर एवढी शेती उभी आहे!

आशियातल्या नांदरुकाची गोष्ट उलटी. वड, पिंपळ, उंबर यांच्याप्रमाणे त्याचंही परागण त्याची ठरावीक चिमुकली माशीच करते. फ्लोरिडात तो सावलीसाठी लावला, तेव्हा ती माशी तिथे नव्हती. त्यामुळे बी धरत नव्हतं. विसाव्या शतकात माशी पोचली आणि भिंतींच्या भेगांतून नांदरुकाची रोपं डोकावू लागली. म्हणून एखादं परदेशी झाड आज निरुपद्रवी दिसतं, एवढ्यावर निश्चिंत राहणं मला धोक्याचं वाटतं. शोभेसाठी भारतात आणलेली घाणेरी कुंपणाबाहेर पडली. पक्ष्यांनी तिची फळं खाऊन बिया पसरवल्या, आता तिनं जंगलंच्या जंगलं व्यापली आहेत.

आफ्रिकेतल्या गोरखचिंचेला मात्र भारतातही सोबती मिळाले. तिचं पांढरं फूल संध्याकाळी उमलतं आणि फळं खाणारी वटवाघळं त्याच्याकडे येतात. उद्यान लवकर बंद होत असेल तर सकाळी जा. रात्री उमललेली फुलं तेव्हा झाडाखाली पडलेली सापडतील. आणि कुठल्याही परदेशी झाडाच्या बुंध्याभोवती त्याची आपोआप उगवलेली रोपं दिसतात का, तेही बघा. दिसली तर माळ्याला जरूर सांगा.