किचनर शहराच्या मध्यवर्ती भागाचे पुनरुज्जीवन

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताच्या किचनर या मध्यम आकाराच्या शहरात, किंग स्ट्रीटवरची जुनी बाजारपेठ आणि तिला लागून असलेला कारखान्यांचा पट्टा पुन्हा गजबजावा यासाठी १९७० च्या दशकापासून झालेले नागरी प्रयत्न. हे शहर टोरांटोच्या पश्चिमेला सुमारे १०० किमी.वर असून २०२१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या २,५६,८८५ होती. वॉटर्लू हे जोडशहर त्याला इतके चिकटून आहे की एकाची हद्द कुठे संपली आणि दुसऱ्याची कुठे सुरू झाली, हे परक्या माणसाला कळत नाही. तरी दोघांचे बाजार वेगळे आणि तोराही वेगळा. वॉटर्लू विद्यापीठांचे, तर किचनर कामगारांचे, अशी जुनी विभागणी आहे. कारखाने बंद पडल्यावर किचनरच्या मध्यभागाला जी अवकळा आली तिचे मूळ याच विभागणीत आहे.

ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरचा हा प्रदेश १७८४ मध्ये ब्रिटिशांनी हॉडेनोशोनी (सहा राष्ट्रे) या मूलनिवासी संघाला दिला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेनसिल्व्हेनियातून आलेल्या मेनोनाइट या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाच्या जर्मनभाषक शेतकऱ्यांनी त्यातील मोठा तुकडा विकत घेतला. पुढे जर्मनीहून कारागीर येत गेले आणि गावाला बर्लिन हे नाव पडले. दक्षिण ऑन्टॅरिओतल्या बहुतेक गावांत सरकारी मोजणीदाराने आधी काटकोनातल्या रेघा मारल्या होत्या, तशा येथे मारल्या नव्हत्या. शेतांच्या कडेने गेलेल्या वाटांचेच पुढे रस्ते झाले. त्यामुळे किंग आणि वेबर हे दोन मोठे रस्ते कधी समांतर धावतात, तर कधी एकमेकांना छेदतात, आणि नवखा माणूस हमखास चुकतो.

बर्लिन हे उद्योगी गाव होते. कातडी कमावणे, बटणे, शर्ट, फर्निचर, रबरी बूट हे येथले धंदे. कारखाने गावाबाहेर नव्हते, बाजारपेठेच्या टोकालाच होते. सकाळी भोंगा झाला की कामगार चालत कामाला जायचे आणि संध्याकाळी त्याच रस्त्यावर खरेदी करून घरी परतायचे. नायगाऱ्याची सार्वजनिक मालकीची वीज ऑन्टॅरिओत प्रथम समारंभपूर्वक सुरू झाली ती ११ ऑक्टोबर १९१० रोजी, याच गावात. १९१२ मध्ये बर्लिनला शहराचा दर्जा मिळाला. पहिल्या महायुद्धात मात्र हे नाव गळ्यात अडकले. मे १९१६ मधील सार्वमतात १,५६९ विरुद्ध १,४८८ मतांनी नाव बदलायचे ठरले. नव्या नावासाठी दुसरे मतदान झाले तेव्हा लोकांचा उत्साह ओसरला होता, आणि ३४६ मतांवर ब्रिटनचा युद्धमंत्री लॉर्ड किचनर याचे नाव निवडून आले. ‘ब्रॉक’ या नावाला त्याहून फक्त ११ मते कमी पडली. पुढच्या अर्धशतकात येथले जर्मनपण दबूनच राहिले. १९६९ पासून भरणारा ऑक्टोबरफेस्ट हा या शहराचा आज सर्वांत ठाऊक असलेला उत्सव असला, तरी सॉसेज आणि बिअरच्या त्या उत्सवी जर्मनपणाचा मेनोनाइटांच्या साध्या राहणीशी फारसा संबंध नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी आल्या, हमरस्ते आले आणि शहराच्या कडेला प्रशस्त वाहनतळांसह मॉल उभे राहिले. किंग स्ट्रीटची गिऱ्हाइके तिकडे वळू लागली. यावर शहराने योजलेला उपाय म्हणजे मॉलच गावात आणणे. त्यासाठी जागा हवी होती आणि मोक्याची जागा होती सिटी हॉलची. १९२४ साली बांधलेला हा सिटी हॉल अभिजात शैलीतला, माथ्यावर घड्याळाचा मनोरा असलेला होता आणि त्याच्या मागेच शेतकऱ्यांचा बाजार भरत असे. १९७१ च्या सार्वमतात मतदारांनी ही योजना मान्य केली. १९७३ मध्ये सिटी हॉल पाडला गेला आणि त्या जागी ईटन्स या नामांकित दुकानासह ‘मार्केट स्क्वेअर’ हा मॉल उभा राहिला. शेतकऱ्यांच्या बाजाराला त्याच संकुलात जागा देण्यात आली.

किचनरच्या नगररचनेची चर्चा आजही या निर्णयाशी येऊन थांबते. एखाद्या बिल्डरने किंवा मूठभर नगरसेवकांनी रातोरात केलेला हा उद्योग असता, तर दोष देणे सोपे होते. पण येथे लोकांनी रीतसर मतदान करून स्वतःचा सिटी हॉल पाडला. तेव्हाची समजूत अशी होती की उपनगराशी टक्कर द्यायची तर उपनगरासारखे व्हायला हवे. प्रत्यक्षात मॉल आतल्या बाजूला तोंड करून बसला, रस्त्याकडे त्याने पाठ फिरवली आणि समोरच्या लहान दुकानांना मिळणारी चालत्या माणसांची गर्दी आटली. पुढे ईटन्स ही कंपनीच बुडाली आणि मॉलचे रूपांतर हळूहळू कार्यालयांत झाले. मनोऱ्याचे सुटे भाग मात्र कोणीतरी शहाणपणाने जपून ठेवले होते. १९९५ मध्ये ते व्हिक्टोरिया पार्कच्या प्रवेशाजवळ पुन्हा जोडून उभे करण्यात आले. घड्याळ चालते, पण त्याखाली इमारत नाही.

सिटी हॉल पाडल्यावर सुमारे वीस वर्षे पालिकेचा कारभार एका कार्यालयीन इमारतीतून चालला. १९८९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्पर्धा घेऊन कुवाबारा पेन मॅकेना ब्लमबर्ग या टोरांटोच्या वास्तुरचनाकारांचा आराखडा निवडण्यात आला आणि १९९३ मध्ये किंग स्ट्रीटवर नवा सिटी हॉल उघडला. इमारतीपेक्षा तिच्यापुढचा चौक अधिक महत्त्वाचा ठरला. उन्हाळ्यात तेथे उथळ पाण्याचे तळे असते, हिवाळ्यात त्याच जागी लोक बर्फावर स्केटिंग करतात. मैफली, मोर्चे, ख्रिसमसचा बाजार, सगळे येथेच होते. कार्ल झेर यांच्या (१९९७–२०१४) महापौरपदाच्या काळात पुनरुज्जीवनाने वेग घेतला. आज या चौकाला त्यांचेच नाव आहे.

२००४ हे वर्ष निर्णायक मानले जाते. शेतकऱ्यांच्या बाजाराला किंग स्ट्रीटच्या पूर्व टोकाला स्वतःची नवी इमारत मिळाली. शनिवारी सकाळी सातला तो उघडतो. त्याच वर्षी पालिकेने मध्यभागात गुंतवणुकीसाठी दहा वर्षांचा ११ कोटी डॉलरचा निधी मंजूर केला. एवढ्या लोकवस्तीच्या शहराने करदात्यांच्या पैशातून असा डाव टाकणे धाडसाचे होते आणि त्यावर टीकाही झाली. पैसा दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला नाही. वॉटर्लू विद्यापीठाची औषधनिर्माणशास्त्र शाखा गावात यावी म्हणून ३ कोटी डॉलर आणि जमीन देण्यात आली. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठाची समाजकार्य शाखा एका जुन्या शाळेच्या इमारतीत आली. गिऱ्हाइके परत आणायची तर आधी दिवसभर तेथे वावरणारी माणसे हवीत, हा त्यामागचा हिशेब होता आणि तो मॉलच्या हिशेबापेक्षा पक्का निघाला.

किंग आणि व्हिक्टोरिया या रस्त्यांच्या चौकात उभे राहिले की हा सगळा इतिहास एका नजरेत येतो. एका कोपऱ्यावर कॉफमन कंपनीचा बूट कारखाना आहे. १९०८ पासून टप्प्याटप्प्याने बांधलेल्या या इमारतीचा आराखडा डेट्रॉइटचे प्रसिद्ध औद्योगिक वास्तुरचनाकार अल्बर्ट कान यांचा. काँक्रीटचा सांगाडा आणि भिंतभर खिडक्या, म्हणजे कामगाराच्या हातावर उजेड पडावा अशी रचना. ‘सोरेल’ हे बर्फातले बूट बनवणारी ही कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली आणि काही वर्षांतच कारखान्याचे फ्लॅट झाले. ज्या खिडक्या शिलाईसाठी होत्या त्याच आता घराच्या जाहिरातीत मिरवतात. समोर औषधनिर्माणशास्त्र शाखेची इमारत आहे, तिच्या काचांवर औषधी वनस्पतींची चित्रे आहेत. त्या जागी पूर्वी एप्टन हा टायरचा कारखाना होता, तो पाडण्यात आला. पलीकडे लँग टॅनरी. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेला हा कातडी कमावण्याचा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. २०१० मध्ये तेथे कम्युनिटेक या संस्थेने नवउद्योगांचे केंद्र उघडले. गूगल आधी तेथेच होते, २०१६ मध्ये ते रेल्वेरुळांपलीकडच्या ब्राइटहॉप्ट स्ट्रीटवरील जुन्या कारखान्यांच्या संकुलात गेले. याच सुमारास ब्लॅकबेरी या मोबाइल फोन बनवणाऱ्या कंपनीची वॉटर्लूतील भरभराट ओसरली होती, तिथून बाहेर पडलेल्या अभियंत्यांना हे नवे उद्योग जवळच सापडले. कंपन्यांना उघड्या विटा, लाकडी तुळया आणि उंच छत आवडते हे लक्षात आल्यावर, पाडायला काढलेल्या इमारतींची किंमत रातोरात वाढली. शहराचे रूप जपावे असे सांगणाऱ्यांचे तीस वर्षे कोणी ऐकले नव्हते. भाडेकरूंनी सांगितल्यावर ऐकले.

२००९-१० मध्ये किंग स्ट्रीट खणून नव्याने बांधला गेला. पदपथ रुंद झाले, कडा जवळजवळ रस्त्याच्या पातळीला आल्या आणि गाड्या लावण्याच्या जागा उन्हाळ्यात हॉटेलांच्या टेबलांसाठी वापरता याव्यात अशी सोय झाली. त्याहून मोठा बदल ‘आयऑन’ या विद्युत ट्रामने केला. वॉटर्लूच्या उत्तरेकडील कॉनेस्टोगा मॉल ते किचनरच्या दक्षिणेकडील फेअरव्ह्यू मॉल या सुमारे १९ किमी.च्या मार्गावर १९ थांबे आहेत. गाड्या पुरवायला झालेल्या विलंबामुळे ती दोन वर्षे रखडून २१ जून २०१९ रोजी सुरू झाली. गाभ्यात ती किंग स्ट्रीटवरून जात नाही, दोन बाजूंच्या ड्यूक आणि चार्ल्स रस्त्यांवरून एकेका दिशेने जाते. ट्रामचा निर्णय वॉटर्लू विभागाच्या (किचनर, वॉटर्लू आणि आसपासचा प्रदेश मिळून असलेल्या स्थानिक शासनाच्या) परिषदेचा होता आणि त्यामागे वाहतुकीइतकीच शेती होती. शहराची वाढ आडवी होऊन मेनोनाइटांची सुपीक शेते गिळू नये, म्हणून विभागाने ग्रामीण प्रदेशाभोवती एक रेषा आखली आणि नवी वस्ती ट्रामच्या मार्गावर उभी वाढावी असे ठरवले. प्रांतिक सरकारच्या २००६ च्या वाढ आराखड्यातही किचनरच्या मध्यभागासाठी दर हेक्टरी २०० रहिवासी व नोकऱ्या असे लक्ष्य होते. घोडागाडीने जाणाऱ्या शेतकऱ्याचे शेत टिकावे म्हणून गावात उंच मनोरे, असा हा सौदा आहे. पालिकेने मध्यभागातील घरबांधणीला दीर्घकाळ विकास शुल्क माफ ठेवल्याने बिल्डरांनाही तो मानवला.

मनोरे खरोखरच आले. ड्यूक आणि फ्रेडरिक रस्त्यांच्या कोपऱ्यावर ३९ मजली इमारत झाली. यातील बरेच फ्लॅट एका खोलीचे आणि गुंतवणूकदारांनी भाड्याने देण्यासाठी घेतलेले आहेत. मुलेबाळे असलेल्या कुटुंबाला मध्यभागात घर मिळणे कठीणच राहिले. कॉनेस्टोगा महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांची, त्यातही भारतीयांची संख्या झपाट्याने वाढली आणि किंग स्ट्रीटवरच्या खाणावळी, किराणा दुकाने व बससाठीच्या रांगा यांचे रूप काही वर्षांतच पालटले. दोन-तीन जणांनी एक खोली वाटून घेणे हा येथल्या विद्यार्थीजीवनाचा नेहमीचा भाग झाला. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातल्यावर हा ओघ घटला, आणि त्याच्या जिवावर चालणाऱ्या व्यवसायांना त्याची झळ बसली. कोविडनंतर घरून काम करण्याची पद्धत रुजल्याने कार्यालयांतील दुपारची वर्दळही पूर्वीसारखी राहिली नाही.

कॉफमनच्या चौकापासून चालत काही मिनिटांवर, व्हिक्टोरिया आणि वेबर रस्त्यांच्या कोपऱ्यावर, विभागाच्या मालकीच्या मोकळ्या जागेवर बेघर लोकांनी तंबू ठोकले. जागा रेल्वे, ट्राम आणि बस यांच्या नियोजित एकत्रित स्थानकाच्या कामासाठी हवी होती. वस्ती हटवण्यासाठी विभाग न्यायालयात गेला. जानेवारी २०२३ मध्ये ऑन्टॅरिओच्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला की निवाऱ्यात पुरेशी जागा नसताना या लोकांना हुसकावणे हा त्यांच्या जीवित व सुरक्षिततेच्या घटनात्मक हक्काचा भंग ठरेल. कॅनडातील इतर शहरांतही या निकालाचा आधार घेतला गेला. गूगलचे कार्यालय आणि ही तंबूवस्ती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असणे हा योगायोग नव्हता. जुन्या स्वस्त खोल्यांच्या इमारती मध्यभागातच होत्या. जमिनीचे भाव वाढले की त्याच आधी पडतात.

शहराच्या रूपाचा वाद आता पाडण्याऐवजी चढवण्यावर आला आहे. जुन्या इमारतीची दर्शनी भिंत तेवढी ठेवायची आणि मागे तीस मजले उभे करायचे, हा सध्याचा प्रघात आहे. वारसा समिती भिंत वाचल्याचे समाधान मानते, पण दोन खणांच्या जुन्या दुकानांचे भाडे परवडणारा चांभार किंवा शिंपी त्या नव्या इमारतीत परत येत नाही. मार्च २०२४ मध्ये नगरपरिषदेने ट्राम थांब्यांभोवतीच्या भागासाठी नवे नियम मंजूर केले. त्यानुसार इमारतीत किमान इतक्या गाड्यांची जागा हवीच, ही सक्ती तेथे उठली आहे.